शून्य खर्चाची साखर

१९९० च्या दशकाच्या मध्यात कॅनडाहून मिशिगनमध्ये तपकिरी पाकाचे टँकर येऊ लागले. पाक म्हणजे ब्राझीलची साखर, पाणी आणि वरून मिसळलेली मळी. मळी चवीसाठी नव्हती, रंगासाठीही नव्हती. अमेरिकेच्या आयात शुल्काच्या पुस्तकात एक ओळ होती: विरघळलेल्या पदार्थांत साखरेखेरीजचा भाग सहा टक्क्यांच्या वर असेल, तर त्या पाकाला साखरेचा कोटा लागत नाही. मग कॅनडात साखर विरघळवायची, तीत मळी घालून सहाचा आकडा पार करायचा आणि टँकर सीमेपलीकडे न्यायचा. डेट्रॉइटजवळच्या टेलर गावातल्या कारखान्यात मळी पुन्हा बाहेर काढायची आणि उरलेला पाक मिठाई-आइस्क्रीमवाल्यांना विकायचा. काढलेली मळी परत कॅनडाला जायची, पुढच्या खेपेत घालायला.

हा चोरटा धंदा नव्हता. हार्टलँड बाय-प्रॉडक्ट्स या कंपनीनं १९९५ मध्ये कस्टम्स खात्याकडून तसं लेखी उत्तर घेऊन ठेवलं होतं. देशी साखरवाल्यांनी आरडाओरड केल्यावर खात्यानं १९९९ मध्ये ते फिरवलं, कंपनी कोर्टात गेली, खाली जिंकली, आणि २००१ मध्ये अपील कोर्टात हरली. ज्यानं साखर कारखाना आतून पाहिला आहे त्याला यातली गंमत लगेच कळेल. रसाची निवळणी, पॅन, सेंट्रिफ्युगल ही सगळी यंत्रं शेवटी एकाच कामासाठी उभी असतात, साखरेपासून मळी वेगळी करायची. इथे चांगल्या साखरेत मळी परत कालवणं, ती दोनशे-तीनशे मैल हिंडवणं आणि पुन्हा काढणं, एवढा उपद्व्याप करूनही पैसे सुटत होते. बाहेरच्या आणि आतल्या भावात केवढी दरी असली पाहिजे याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

अमेरिकेत बाजारपेठ मोकळी असावी, सरकारनं भावात हात घालू नये, असं म्हणणाऱ्यांची मोठी फळी आहे. रिपब्लिकन पक्षाचं निम्मं भाषण याच पायावर उभं असतं. केटो आणि हेरिटेजसारख्या मोकळ्या बाजाराच्या बाजूच्या अभ्यास संस्था देशात साखरेचा भाव चढा ठेवणाऱ्या साखर धोरणावर गेली चाळीस वर्षं तुटून पडतात, आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणारा स्वतंत्र अर्थतज्ज्ञ शोधावा लागतो. तरीही धोरण जागचं हललेलं नाही. उलट २०२५ मध्ये, दोन्ही सभागृहं आणि अध्यक्षपद रिपब्लिकनांच्या हाती असताना, ते आणखी घट्ट झालं. उजव्या विचाराच्या अमेरिकेत काय बोललं जातं आणि काय केलं जातं, यातलं अंतर मोजायला साखरेइतकी बरी फूटपट्टी नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण सगळी चतुराई तिच्यात आहे.

सरकार शेतकऱ्याच्या हातात भावासाठी एक सेंटही ठेवत नाही. ते कर्ज देतं, आणि तेही कारखान्याला. तारण म्हणून तयार साखर, मुदत जास्तीत जास्त नऊ महिने, पाउंडामागे ठरलेला दर. २०१८ च्या शेती कायद्यात हा दर कच्च्या उसाच्या साखरेला १९.७५ सेंट आणि शुद्ध बीट साखरेला २५.३८ सेंट होता. बदल्यात कारखान्यानं शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव द्यायचा. बाजार वर असेल तर साखर विकून कर्ज व्याजासकट फेडायचं. बाजार खाली असेल तर साखर सरकारच्या गळ्यात टाकून मोकळं व्हायचं, बाकी रकमेसाठी कुणी दारात येत नाही. आपल्याकडे राज्य सहकारी बँकेचं मालतारण कर्ज ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इथे थांबावं. साखरेचा भाव पडला की बँक मूल्यांकन खाली आणते, कारखाना शॉर्ट मार्जिनमध्ये जातो, म्हणजे कर्जापुढे तारण तोकडं पडतं, आणि एफआरपीचे, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान भावाचे, पैसे थकतात. अमेरिकेत भाव पडल्याची झळ बँकेला, म्हणजे सरकारला. आपल्याकडे ती आधी कारखान्याला आणि मग उसवाल्याला.

पण साखर सरकारच्या गळ्यात पडली तर ती गोष्ट अंदाजपत्रकात दिसणार. १९८५ च्या कायद्यानं म्हणूनच शेती खात्याला सांगून ठेवलं की शक्य तितकं हे धोरण सरकारला निव्वळ खर्च न येता चालवा. वाचायला काटकसरीचं कलम वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की बाजारभाव कर्जाच्या दराखाली कधी जाऊच द्यायचा नाही, आणि भाव वर धरून ठेवायचा तर माल कमी पाडायचा.

त्यासाठी दोन दोऱ्या आहेत. घरच्या मालासाठी विक्रीचा वाटा ठरवलेला असतो. देशाच्या खपाच्या अंदाजाच्या किमान ८५ टक्के साखर देशी कारखान्यांनी विकायची, त्यात बीटला ५४.३५ टक्के, उसाला ४५.६५. वाट्याबाहेर पिकली ती आपल्या गोदामात, आपल्या खर्चानं, पुढच्या वर्षाची वाट पाहत. भारतातल्या मासिक कोट्याची आठवण होईल, तो २०१८ मध्ये परत आलाच. बाहेरच्या मालासाठी आयात कोटा. जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या शब्दाप्रमाणे कच्च्या साखरेसाठी तो वर्षाला किमान ११,१७,१९५ टन आहे. कोट्यात बसलात तर शुल्क नाममात्र. कोट्याबाहेर किलोमागे ३३.८७ सेंट. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर नुसतं शुल्कच किलोला सुमारे २९ रुपये होतं. भारत सरकारनं फेब्रुवारी २०१९ मध्ये कारखान्याच्या दारातला साखरेचा किमान विक्री दर ३१ रुपये केला होता, म्हणजे आपल्याकडच्या जवळजवळ अख्ख्या किमतीएवढा तिथला नुसता कर.

हा कोटा वाटायचा कसा, तर १९७५ ते १९८१ या वर्षांत कोण किती साखर अमेरिकेला विकत होतं ते पाहून. चाळीसेक देशांची ती यादी तेव्हा गोठली ती गोठलीच. डॉमिनिकन प्रजासत्ताकाला १,८५,३३५ टन, ब्राझीलला १,५२,६९१, फिलिपिन्सला १,४२,१६०. ब्राझील जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार झाला तरी त्याचा वाटा डॉमिनिकनच्या खालीच. यादीतले काही देश आज स्वतःच साखर बाहेरून आणतात, त्यांचा वाटा रिकामा राहतो, आणि रिकामा वाटा आपोआप दुसऱ्याला मिळत नाही. रिकाम्या वाट्यानं बाजारात माल आणखी कमी होतो, हे कुणाच्या सोयीचं ते सांगायला नको. भारताच्या वाट्याला सुमारे साडेआठ हजार टन येतात. रोज पाच हजार टन गाळणारा पश्चिम महाराष्ट्रातला एखादा कारखाना साडेदहा टक्के साखर उताऱ्यावर ते सोळा-सतरा दिवसांत काढतो. एवढ्याशा वाट्यासाठी दिल्लीतून वेगळी अधिसूचना निघते, कारण त्या साखरेला मिळणारा भाव अमेरिकेतला असतो.

एवढं करूनही घडी विस्कटते. उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार करारामुळे २००८ पासून मेक्सिकोची साखर विनाकोटा, विनाशुल्क येऊ लागली. २०१२-१३ च्या हंगामात मेक्सिकोत विक्रमी पीक आलं, अमेरिकेतही बरं आलं, भाव कोसळला आणि कारखान्यांनी तारण साखर सरकारच्या हवाली केली. सरकारनं ती पडत्या किमतीला इथेनॉलवाल्यांना विकली. त्या एका वर्षात तिजोरीला सुमारे २६ कोटी डॉलरची खोट बसली. मग व्यापार खात्यानं चौकशी लावली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये मेक्सिकोशी किमान भाव आणि कमाल माल ठरवणारा करार झाला. मुक्त व्यापाराच्या करारात मुक्त व्यापारानं सहा-सात वर्षं काम केलं आणि लगेच त्यावर झाकण बसलं.

मग 'खर्च शून्य' असलेल्या धोरणाचा खर्च गेला कुठे? दुकानात. काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयानं २०२३ च्या अहवालात तो मांडला. ग्राहकांना वर्षाला २५० ते ३५० कोटी डॉलरचा भुर्दंड, उत्पादकांना १४० ते २७० कोटींचा फायदा, आणि दोन्हींच्या मध्ये सुमारे १०० कोटी डॉलर दरवर्षी कुणालाच न मिळता विरून जातात. याच कार्यालयानं १९९३ मध्ये फायदा कुणाच्या घरी जातो तेही पाहिलं होतं. ऊस-बीट पिकवणाऱ्यांना मिळालेल्या लाभाचा ४२ टक्के वाटा एक टक्का शेतांकडे गेला होता.

ग्राहकाच्या बाजूनं भागाकार करा. माणशी वर्षाला साडेसात ते साडेदहा डॉलर. चौघांच्या घराला तीस-चाळीस. एवढ्यासाठी कोण मोर्चा काढतो? बिस्किटाचा पुडा, केचपची बाटली, पावाची लादी, योगर्टचा डबा यांत ते सेंटासेंटानं विखुरलेले असतात, बिलावर 'साखर धोरण' अशी ओळ छापून येत नाही. उलट बाजूला फ्लोरिडातल्या एखाद्या मोठ्या ऊस कंपनीसाठी हेच धोरण वर्षाचा नफा ठरवतं. तिला वॉशिंग्टनमध्ये वकील ठेवणं परवडतं, दोन्ही पक्षांना देणग्या देणं परवडतं. फ्लोरिडाच्या फानहूल बंधूंची गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ आहे. एक भाऊ डेमोक्रॅट उमेदवारांसाठी पैसा उभा करायचा, दुसरा रिपब्लिकनांसाठी. मँकर ओल्सन या अर्थतज्ज्ञानं १९६५ मध्येच हे सूत्र मांडलं होतं: फायदा थोड्यांत एकवटलेला आणि तोटा पुष्कळांत पसरलेला असेल, तर लोकशाहीत थोडे जिंकतात. साखर हे त्याचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण झालं आहे, इतकं की ते देताना प्राध्यापकांनाही आता कंटाळा येत असावा.

रोनाल्ड रेगन यांच्या कारभाराकडे पाहिलं की या प्रकरणाची गाठ कुठे पडली ते दिसतं. १९३४ पासून चालत आलेला जुना साखर कायदा १९७४ मध्ये संपला होता. नंतरची काही वर्षं अमेरिकेत साखर बऱ्यापैकी मोकळी होती. सरकार लहान करण्याचं वचन देऊन निवडून आलेल्या रेगनना १९८१ मध्ये अंदाजपत्रकासाठी दक्षिणेतल्या डेमोक्रॅट खासदारांची मतं हवी होती. लुइझियानाचे जॉन ब्रो त्यांतलेच. साखरेच्या आधाराच्या बदल्यात मत दिलं, म्हणजे तुमचं मत विकत मिळतं का, असं विचारल्यावर विकत नाही, पण भाड्यानं मिळतं, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. त्या वर्षीच्या शेती कायद्यात साखरेचा आधार परत आला. मे १९८२ मध्ये रेगन यांनी देशवार कोटे लावले. १९८३ मध्ये निकाराग्वाचा कोटा जवळजवळ सगळा काढून शेजारच्या मित्र देशांना वाटला. गॅट या, जागतिक व्यापार संघटनेच्या आधीच्या, कराराच्या पंचांनी ते चूक ठरवलं, तरी फरक पडला नाही. साखर बंद तर साखर घातलेले पदार्थ येऊ लागले, म्हणून जानेवारी १९८५ मध्ये साखरमिश्रित पदार्थांवरही आणीबाणीचे कोटे आले. १९८० च्या सुरुवातीला पन्नास लाख टनांच्या आसपास असलेली आयात दशक संपण्याआधी दहा लाखांच्या आसपास उतरली. मोकळ्या बाजाराचा सगळ्यात मोठा वक्ता म्हणून ज्याचं नाव घेतात त्याच्याच सहीनं हे झालं. यात ढोंग आहे असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मला तो जमाखर्च वाटतो. करकपात हवी होती, तिची किंमत साखरेत चुकवली, आणि बिल तिसऱ्याच्या नावावर फाडलं.

मुक्त बाजारवाल्यांचा आणखी एक मुद्दा आहे, आणि तो मला भावाच्या मुद्द्यापेक्षा मजबूत वाटतो. ज्याला जपायचं त्यालाच संरक्षण शेवटी कसं खातं, हा तो मुद्दा. साखर महाग केल्यावर मक्याचा गोड पाक स्वस्त दिसू लागला. नोव्हेंबर १९८४ मध्ये कोका-कोला आणि पेप्सी दोघींनीही अमेरिकेतल्या आपल्या मुख्य पेयांतून साखर पूर्ण काढून हाय-फ्रुक्टोज कॉर्न सिरप, म्हणजे हाच मक्याचा पाक, घ्यायला बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांना मोकळीक दिली. देशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक साखरवाल्यांनी स्वतःच्या हातानं घालवलं. मका दळणाऱ्या कंपन्यांना हे इतकं मानवलं की साखरेचा भाव चढा राहावा म्हणून त्याही साखरवाल्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. जुलै २०२५ मध्ये उसाच्या साखरेचा कोक आणणार असं कोका-कोलानं जाहीर केलं तेव्हा बातम्यांत उत्साह होता. १९८४ मध्ये ती साखर गेली कशामुळे, हे त्या उत्साहात फारसं कुणी विचारलं नाही.

मिठाईवाले सीमेपलीकडे गेले. लाइफ सेव्हर्स या गोळ्यांचा कारखाना मिशिगनच्या हॉलंड शहरात होता. २००२ मध्ये तो बंद करून उत्पादन कॅनडातल्या क्विबेकला नेण्याचं ठरलं, जिथे साखर जगाच्या भावानं मिळते. ज्या गोळीत साखरेशिवाय फारसं काही नाही तिच्यासाठी हा साधा हिशेब होता. अमेरिकेच्या व्यापार खात्याचाच २००६ चा अहवाल म्हणतो की ऊस-बीट पिकवण्या-काढण्यातली एक नोकरी वाचवताना मिठाई उद्योगातल्या जवळजवळ तीन गेल्या. साखर संघटना यावर म्हणते की मजुरी, आरोग्य विमा, कर यांचाही हात होता. तेही खोटं नाही. कारखाना एकाच कारणासाठी कधी उठत नाही. पण भट्टीत रोज ओतायच्या मालाचा भाव सीमेपलीकडे जवळजवळ निम्मा असेल, तर बाकीची कारणं जमा व्हायला वेळ लागत नाही.

आणि एवढं राखूनही साखर सगळीकडे वाचली नाही. हवाईतला शेवटचा ऊस कारखाना, माउई बेटावरचा पुउनेनेचा, डिसेंबर २०१६ मध्ये थंडावला. टेक्सासचा एकुलता एक कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. रिओ ग्रांदे नदीच्या पाण्याचा १९४४ चा करार आहे, त्यातलं मेक्सिकोकडून यायचं पाणी वेळेवर आलं नाही आणि उसाला पाणीच उरलं नाही. कोटा भाव राखतो, धरणात पाणी भरत नाही. सोलापूर-मराठवाड्यातल्या वाचकाला हे वेगळं सांगायची गरज नसावी.

इथवर वाचून निकाल लागला असं वाटेल. पण उजव्यांमध्येच दुसरा गट आहे आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. हे लोक म्हणतात, जगाचा भाव हा भावच नव्हे. तो उरलेल्या मालाचा उतारबाजार आहे. प्रत्येक मोठा देश आपल्या घरात भाव राखतो आणि जास्तीची साखर सरकारी मदतीनं बाहेर ढकलतो, त्या ढकललेल्या साखरेचा दर म्हणजे जागतिक दर. फ्लोरिडाचे टेड योहो यांनी काँग्रेसमध्ये 'शून्याला शून्य' हा ठराव मांडला होता: बाकीच्यांनी आधार काढावा, आम्हीही काढतो. मार्को रुबिओ २०१५ मध्ये अध्यक्षपदाच्या शर्यतीत असताना याच सुरात बोलत होते. ही दरी पक्षांच्या सीमेवरून जात नाही, रिपब्लिकन पक्षाच्या मधून जाते.

आणि बोट कुणाकडे? ब्राझीलकडे, थायलंडकडे, भारताकडे. म्हणजे आपल्याकडे. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या एफआरपी आणि निर्यात अनुदानाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये पंचांचा निकाल भारताविरुद्ध गेला. जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच डिसेंबर २०१९ पासून बंद पडलेलं, कारण त्यावरच्या नेमणुका अमेरिकेनं अडवून धरल्या होत्या. भारताच्या अनुदानाबद्दल अमेरिकेतले साखरवाले तक्रार करतात, आणि त्या अनुदानावरचा निकाल अमेरिकेच्याच अडवणुकीमुळे लटकलेला आहे.

मोकळ्या बाजाराचे पुरस्कर्ते मिल्टन फ्रीडमन यांच्या वळणाचा अर्थतज्ज्ञ यावर खांदे उडवेल. परक्या देशाच्या करदात्याला अमेरिकेतल्या माणसाच्या जॅमसाठी पैसे मोजायची हौस असेल तर मोजू द्या, आपण आभार मानून साखर घ्यावी. गणित म्हणून हे बिनतोड आहे. पण मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवर, रेड रिव्हरच्या खोऱ्यात, ते ऐकून कुणाचं मन वळत नाही. अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये तिथल्या बीट शेतकऱ्यांनी मिळून विकत घेतली आणि सहकारी केली. शेअर घेतला की ठरलेल्या क्षेत्रात बीट लावण्याचा हक्क मिळतो, आणि तेवढं लावायचं बंधनही पडतं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणीचा धडाका सुरू होतो, रात्रंदिवस ट्रक चालतात. कंद हवेनं तापलेले असतील तर काढणी थांबवावी लागते, कारण गरम कंद ढिगात एकावर एक पडले की आतून सडतात. मग कडाक्याची थंडी पडली की उघड्यावरचे ते प्रचंड ढीग गोठतात आणि तसेच गोठलेले वसंतापर्यंत कारखान्याला पुरवले जातात. उत्तरेच्या थंडीचा असा शीतगृहासारखा वापर करणारी ही व्यवस्था एका रात्रीत सोयाबीनवर नेता येत नाही. कारखाना, वाळवणी, साठवण, ढीग रचायची यंत्रं, सगळं बीटसाठीच उभं आहे. प्रवरेच्या सहकारी कारखान्याचं उदाहरण ज्यांना ठाऊक आहे त्यांना या खोऱ्यातला शेतकरी परका वाटणार नाही. तो फानहूल नाही. पण मतदानाच्या दिवशी फानहूल त्याच्याच पाठीमागे उभे राहतात, हीच तर या युतीची खुबी.

इथे एक फरक मनात येतो. आपल्याकडे शेतीत मोकळा बाजार मागणारा सगळ्यात खणखणीत आवाज शेतकऱ्यांच्या बाजूनं आला. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी झोनबंदीला, म्हणजे ऊस ठरलेल्याच कारखान्याला घालायच्या सक्तीला, विरोध केला, लेव्हीला, म्हणजे सरकारला ठरल्या भावानं माल द्यायच्या सक्तीला, विरोध केला, जागतिक व्यापार मोकळा करणाऱ्या डंकेल प्रस्तावाला उघड पाठिंबा दिला. सरकार भाव पाडतं, म्हणून सरकार बाजूला व्हा, अशी ती मागणी होती. अमेरिकेत सरकार भाव चढवतं, म्हणून शेतकरी सरकारला घट्ट धरून बसतो आणि मोकळा बाजार मागायला वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतले अभ्यासक आणि चॉकलेट कंपन्या उरतात. तत्त्व दोन्हीकडे एकच, पण ते बोलणारं तोंड वेगळं असलं की त्याचं वजनही वेगळं पडतं. चॉकलेट कंपनीनं ग्राहकाच्या खिशाचा कळवळा दाखवला की समोरचा खासदार विचारतो, साखर स्वस्त झाली तर चॉकलेटचा भाव उतरवाल का? यावर सरळ उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

मतदानाचे आकडे हेच सांगतात. १९९६ मध्ये फ्लोरिडाचे रिपब्लिकन डॅन मिलर आणि न्यूयॉर्कचे डेमोक्रॅट चक शूमर यांनी मिळून साखर धोरण मोडायची दुरुस्ती आणली, ती २०८ विरुद्ध २१७ अशी थोडक्यात पडली. २०१३ मध्ये तशीच दुसरी २०६ विरुद्ध २२१. २०१८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या व्हर्जिनिया फॉक्स यांची दुरुस्ती १३७ विरुद्ध २७८ अशी झोपली. बावीस वर्षांत युक्तिवाद जास्त पक्के झाले, आकडे जास्त चांगले झाले, आणि मतं घटली. शेती कायदा म्हणजे मोट आहे. तीत कापूसवाला साखरवाल्याला मत देतो, साखरवाला भुईमूगवाल्याला, आणि शहरी खासदार अन्न-कुपनांसाठी तिघांनाही. एक दोरा ओढला तर मोट सुटेल ही भीती प्रत्येकाला असते.

मोकळ्या बाजाराच्या बाजूला या मैदानात जे विजय मिळाले आहेत ते कसे मिळाले हे पाहण्यासारखं आहे. भुईमुगाला तिथे १९३० च्या दशकापासून कोटा होता, कोटा असलेल्यालाच भुईमूग देशी बाजारात विकता येई. २००२ च्या शेती कायद्यानं तो संपवला, पण हक्कदारांना कोट्याच्या पाउंडामागे वर्षाला ११ सेंट असे पाच वर्षं दिले. तंबाखूचा कोटा २००४ मध्ये गेला. कोट्याच्या मालकाला पाउंडामागे ७ डॉलर, पिकवणाऱ्याला ३ डॉलर, दहा वर्षांत फेडायचे, एकूण सुमारे ९६० कोटी डॉलर, आणि ते सिगारेट कंपन्यांकडून वसूल करायचे. कट्टर बाजारवाद्यांनी तेव्हा नाक मुरडलं, ही तर हरामाची खंडणी म्हणून. पण कोटा गेला. शिव्या घालून चाळीस वर्षांत जे साखरेत जमलं नाही ते तंबाखूत हिशेब चुकता करून जमलं.

साखरेत असं का होत नाही? भुईमूग-तंबाखूचा कोटा कागदावर पाउंडात, माणसाच्या नावावर होता, त्याची बाजारात खरेदी-विक्री किंवा भाडेपट्टी व्हायची, म्हणून त्याची किंमत ठरवता आली. साखरेचा हक्क कारखान्याच्या वाट्यात, सहकारी शेअरच्या भावात, फ्लोरिडातल्या जमिनीच्या दरात मुरलेला आहे. विकत घ्यायचा तर नेमकं काय आणि कुणाकडून, इथेच गाडी अडते. शिवाय भरपाई दिली तर ती अंदाजपत्रकात दिसेल. आज जे कुठेच दिसत नाही ते एकदम कित्येकशे कोटींच्या रकमेनं कागदावर येईल, आणि सरकारी खर्चाविरुद्ध बोलणारे खासदार त्याच रकमेवर तुटून पडतील. लपलेला खर्च वर्षानुवर्षं सोसायचा की उघडा खर्च एकदाच करायचा, असा प्रश्न आला की खर्चाच्या शत्रूंचा कौल बहुतेक वेळा लपलेल्याला जातो. या सगळ्या वादात मला सगळ्यात खुपतं ते हे.

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कर-खर्च कायद्यात कच्च्या उसाच्या साखरेचा कर्जदर पाउंडाला २४ सेंट केला गेला, आणि बीट साखरेचा त्याच्या १३६.५५ टक्के, म्हणजे ३२.७७ सेंट. एका टनाच्या, म्हणजे तिथल्या २,००० पाउंडांच्या, हिशेबात कच्च्या साखरेचा तळ ३९५ डॉलरवरून ४८० वर गेला. तळ वर गेला की त्याच्या वर बाजार धरून ठेवायला माल आणखी आवळावा लागतो. शेती खात्याचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि त्याच्या थोडं आधी आयात कोटा जाहीर होतो. त्यात कच्च्या साखरेपुढे ११,१७,१९५ हाच किमान आकडा दिसला आणि वर्षभर त्यात भर पडली नाही, तर समजावं की खात्यात तारण साखरेचा हिशेब चालू आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कर्जांच्या मुदती संपतात तेव्हा किती साखर सोडवली गेली आणि किती सरकारच्या गोदामात राहिली, तो आकडाही खातं छापतं. तो कोपऱ्यात, बारीक टायपात असतो.